दुसरं नाक

खोली दाखवायच्या आधी बाईंनी मला गुलाबाचा वास घ्यायला लावला होता.

बदली होऊन डहाणूला येऊन मला तेव्हा तीनच दिवस झाले होते. लॉजच्या गादीने पाठ धरली होती. कचेरीतल्या शिपायाने सांगितलं की गावात खाडीकडच्या एका गल्लीत निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांची मागची खोली रिकामी आहे. "पण साहेब, बाई जरा वेगळ्या आहेत," असंही तो म्हणाला. वेगळ्या म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. मी फाटक ढकलून आत गेलो तर ओट्यावर सुती साडीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई उभ्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. फाटकाशेजारी गुलाबाचं एक वेडंवाकडं झुडूप होतं, त्याकडे बोट करून म्हणाल्या, "वाक. वास घे. आणि कसा आहे ते सांग."

मी वाकलो. "चांगला आहे," म्हणालो.

"चांगला साबणाचाही असतो. परत घे."

परत वाकलो. घरमालकिणीसमोर ओणवं होऊन नाक खुपसायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे वासापेक्षा रस्त्यावरून कोण बघतंय याचीच काळजी जास्त. "गुलाबासारखा आहे," मी म्हणालो.

"हं. नाक उघडं आहे, एवढं कळलं," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. अट एकच. रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, फुलाचा वास घ्यायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सांगायचा. भाडं एखादा महिना पुढेमागे झालं तर चालेल, हे चुकलेलं चालणार नाही.

ती खोली मी साडेतीन वर्षं वापरली.

बाई माणसांना नावाने हाक मारत नसत, नंबराने मारत. उभा जन्म हजेरीपटावर गेल्यावर तसं होत असावं. त्या खोलीतला मी सातवा भाडेकरू, म्हणून मी 'सात'. डेपोतला एक कंडक्टर त्यांचा विद्यार्थी होता, तो 'तेवीस'. भर रस्त्यात, शिट्टी तोंडात असताना, "काय रे तेवीस, दाढी का वाढवलीस?" असं ऐकून तो मोठा बाप्या माणूस ओशाळा होऊन हनुवटी चोळायचा. पंचायत समितीत एक साहेब आले होते, तेही कधीकाळी बाईंच्या वर्गात 'चार' होते. बाई दाखल्यासाठी गेल्या तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "बस, चार. उभं राहायची शिक्षा मी दिलेली नाही." हे मला शिपायाने सांगितलं, त्यामुळे त्यात तिखटमीठ किती ते माहीत नाही.

बाईंची पहिली नेमणूक सायवनच्या बाजूला एका पाड्यावर झाली आणि बरीचशी नोकरी तिथेच गेली. दिवाळीनंतर पाड्यातली माणसं पोरांना घेऊन वीटभट्ट्यांवर जायची आणि शाळा ओस पडायची. बाई मात्र रोज शाळा उघडायच्या, घंटा द्यायच्या आणि रिकाम्या वर्गासमोर उभ्या राहून एकेक नंबर पुकारायच्या. एक, दोन, तीन. प्रत्येक नंबरानंतर थोडं थांबायचं आणि मग 'गैरहजर' लिहायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे दाराआडून पाहिलं आणि विचारलं, "बाई, कोणाची हजेरी घेताय?" बाई म्हणाल्या, "वर्गाची. मुलं भट्टीवर गेलीत, वर्ग कुठे गेलाय?"

गुलाब त्याच शाळेच्या आवारातला. शाळा बाईंच्या आधीची, गुलाब तिच्याही आधीचा. कोणी लावला कोणास ठाऊक. साधा गावठी गुलाब. नर्सरीतली फुलं कशी ताठ मानेने उभी असतात, तसं याचं काही नाही. फूल गर्द गुलाबी, पाकळ्यांची नुसती गर्दी, आणि मान टाकलेली. काटे मोठे नाहीत, ब्रशाच्या केसांसारखे बारीक आणि दाट, हात लागला की बोटात राहणारे. ऊन चढलं की दुपारपर्यंत पाकळ्या खाली. दरवर्षी चौथीची मुलं शाळा सोडून जायची तेव्हा बाई प्रत्येकाला दाखल्याबरोबर या गुलाबाची एक काडी द्यायच्या. स्वतः निवृत्त झाल्या तेव्हा स्वतःलाही एक दिली. तीच फाटकापाशी लावलेली. पुढे शाळेला नवीन खोल्या झाल्या आणि आवारातला मूळ गुलाब त्यात गेला.

"मुलांच्या काड्या किती जगल्या?" मी एकदा विचारलं होतं.

"मला माहीत असलेली एक. बाकीच्या शेळ्यांनी खाल्ल्या."

आता वासाचं. करोनात बाई तापाने पडल्या. त्या सकाळी त्यांनी सवयीप्रमाणे फूल हुंगलं, आत येऊन आडव्या झाल्या, आणि उठल्या तेव्हा वास गेलेला होता. तो परत आलाच नाही. फोडणी करपली तर शेजारीण ओरडायची तेव्हा कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओळखीच्या गोष्टीचा वास रोज घेत राहा, आला तर त्या वाटेने येईल. बाईंचा त्यावर पक्का विश्वास बसला. शेवटचा आत गेलेला वास या गुलाबाचा, म्हणजे परत येणारा पहिला वासही याचाच असणार, असं त्यांचं गणित. म्हणून रोज पावणेसातला त्या स्वतः फाटकापाशी येऊन, दोन्ही हात पाठीमागे बांधून, फुलात नाक घालून उभ्या राहायच्या. मग आत जायच्या. सातला माझी पाळी.

"दुसरं नाक लागतं," त्यांनी मला समजावलं होतं. "मला वास आला नाही, तर माझं नाक नापास की आज फुलालाच वास नाही, हे मला कसं कळणार? पावसाळ्यात याचा वास बसतो, माव्याची कीड पडली की जातो. फुलाचा निकाल तू द्यायचा, नाकाचा मी लावते."

"पण तुम्हाला तो कसा यायचा, ते सांगा ना. म्हणजे मला जुळवून बघता येईल."

"उत्तर फळ्यावर लिहून मग प्रश्न विचारत नाहीत, सात."

कोणाला म्हणजे कोणालाच त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मी सांगितलेलं मात्र त्या एका शंभर पानी वहीत, तारीख घालून, लिहून ठेवायच्या.

मी पहिला आठवडा वाकलो. वास नाकात गेला असेल, डोक्यात गेला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मी फाटकापर्यंत जायचो, पेपर उचलायचो, आणि परत येताना दारातून सांगायचो, "नेहमीसारखा." बाई लिहायच्या. भर पावसात, पाकळ्यांचा चिखल झालेला असताना, तेव्हाही नेहमीसारखा. कचेरीत माझं काम असंच होतं. समोर कागद येतो, त्यावर 'समक्ष पाहिले' असं छापलेलं असतं, खाली आपण सही करतो. कोणी काही समक्ष पाहत नाही. त्यात मी काही वाईट करतो आहे असं मला खरोखरच वाटत नव्हतं.

झुडपाची बडदास्त मोठी होती. समुद्राकडून खारा वारा येतो म्हणून पश्चिमेला जुन्या साडीचा पडदा. शेजारच्या चिकूची सावली पडते म्हणून शेजाऱ्याशी बारमाही भांडण. पंधरा दिवसांनी झाईहून एक मासळीवाली यायची, ती खतासाठी सुक्या मासळीचा कुटा आणायची. बाई कट्टर शाकाहारी. पण गुलाबाला हाताने कुटा घालायच्या, आणि मग मांजरं उकरू नयेत म्हणून छडी घेऊन तासभर तिथेच खुर्ची टाकून बसायच्या. गल्लीत उभं राहवत नसे.

"बाय, गुलाबाला येवढा खिलवता, एक दिस तुमी पन खाऊन बगा ना," मासळीवाली म्हणायची.

"मी मागितलं की दे. सध्या गुलाब मागतोय," बाई शांतपणे म्हणायच्या. आणि मग माझ्याकडे वळून, "वास जाण्याचा एवढा एकच फायदा आहे."

दोन पावसाळ्यांपासून झुडूप थकत चाललं होतं. जुन्या फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली येत होत्या. बाई रोज बुंध्याशी वाकून काहीतरी शोधायच्या. काय शोधतात ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या सुमाराला, बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. वाणगावला त्यांची भाची असते, तिच्याकडे पंधरा दिवस जायचं होतं. जाताना मला कागदावर लिहून दिलं: सकाळी एक बादली, संध्याकाळी अर्धी, छडी दाराआड आहे, आणि शेवटी अधोरेखित करून, 'बाकी कशाला हात लावू नये.'

नेमकं त्याच आठवड्यात कामासाठी तलासरीला गेलो होतो. परतताना हायवेला एक नर्सरी दिसली. का कोण जाणे, वाटलं, बाई येतील तेव्हा झुडूप जरा टवटवीत दिसावं. इतक्या दिवसांच्या 'नेहमीसारखा'ची कुठेतरी भरपाई करावीशी वाटली असेल. नर्सरीवाला गुजराती, बोलका. मी म्हटलं, गुलाब वाळतोय.

"मुळातून नवी फूट आली काय? जाडी, लाल?"

आली होती. मी गेल्या चार दिवसांपासून बघत होतो. मातीतून सरळ वर आलेली, अंगठ्याएवढी जाड, जुन्या फांद्यांपेक्षा अगदी निराळी.

"बस, तोच प्रॉब्लेम. एटले काय, वर कलम, खाली जंगली झाड. खालतून फुटेल ते पूरा जंगली. सगळा रस तोच पिऊन जाय. कापी नाखा, साहेब, एकदम मुळातून. नायतर गुलाब गयो समजा."

घरी येऊन मी ती फूट कात्रीने मुळापासून कापली. जखमेवर हळद लावली. कापलेली फांदी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यात टाकली. आणि मला सांगायला हरकत नाही, डहाणूत आल्यापासून एखादं काम नीट केल्यासारखं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

बाई काळा चष्मा लावून रिक्षातून उतरल्या. पिशवी खाली न ठेवता बुंध्याशी गेल्या, वाकल्या आणि हळद लावलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"फूट आली होती?"

"हो. जंगली होती. मी काढली. नर्सरीवाला म्हणाला..."

"कुठे आहे?"

आठवडा झाला होता. कचऱ्याची गाडी दोनदा येऊन गेली होती. मी तसं सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नर्सरीतल्याला कलम असतं," त्या म्हणाल्या. "वर एक, खाली दुसरं. याला कलम नाही. ही काडीच मातीत लावलेली. वर हा आणि खालीही हाच. म्हातारा झाला की हा मुळातून नवा येतो. दोन वर्षं मी त्याच फुटीची वाट बघत होते."

दिवाळीनंतर एकेक करून सगळ्या फांद्या गेल्या. बाईंनी उरलेल्या हिरव्या तुकड्यांच्या काड्या करून कुंडीत लावल्या, त्याही काळ्या पडल्या. मुळातून पुन्हा काही आलं नाही. मला खोली सोडायला सांगतील म्हणून मी सामान मनातल्या मनात बांधून ठेवलं होतं. पण शेवटची काडी काळी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सातला त्या स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभ्या.

"कसा आहे?"

"बाई, फूलच नाहीये."

"मग गैरहजर म्हण."

महिनाभर मी रोज सकाळी त्या वाळक्या खुंटासमोर जाऊन परत येत होतो आणि 'गैरहजर' म्हणत होतो. पेपरही उचलवत नसे. पावणेसातला बाई तिथे येऊन, हात पाठीमागे बांधून, काही नसलेल्या जागेसमोर उभ्या राहायच्या, हे मी खोलीतून बघायचो. ते बघणं मला जड जायचं. शेवटी मीच म्हणालो, "ती एक काडी जगली म्हणालात ना, ती कुणाकडे?"

"अकरा नंबरकडे. होती, आताचं माहीत नाही."

रविवारी आम्ही सायवनच्या एसटीत बसलो. बाईंच्या मांडीवर ओलं फडकं, चाकू आणि वही असलेली पिशवी. कासा गाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "दुसरा कुठला आणून लावायचा असता तर बाजारातून आणला असता. नाकाला ओळखीचा लागतो. हाच पाहिजे."

सायवनला उतरून पाड्यापर्यंत अर्धा तास पायवाट. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या घरासमोर चाळिशी उलटलेली एकजण भात उन्हात घालत होती. बाई अंगणाच्या कडेला थांबल्या.

"अकरा."

तिने वर पाहिलं. हातातलं सूप तसंच राहिलं. "हजर, बाय," ती म्हणाली, आणि मग धावत येऊन पाया पडली.

न्हाणीच्या दगडामागे, जिथे अंघोळीचं पाणी वाहून जातं, तिथे झुडूप होतं. माणसाच्या छातीइतकं वाढलेलं, फुलांनी वाकलेलं. बाईंनी पान उलटं करून पाहिलं, काट्यांवरून अंगठा फिरवला.

"मीच दिलेली काडी का ही?"

अकरा नंबर घुटमळली. "तुमी दिलेली ती शेळीनं खाल्ली व्हती, बाय. मंग परत आला का मी बहिनीकडनं दुसरी आनली, ता आता याद नाय. लय वर्सं झाली." तिने मान खाली घातली. खोटं बोलून बाईंना खूश करणं तिला सहज जमलं असतं.

बाईंनी वाकून फुलात नाक घातलं. बराच वेळ. मग बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "सात. तोच आहे का ते सांग."

मी वाकलो. डोळे मिटले. वास आला, चांगला भरपूर आला. पण तोच का? फाटकाजवळच्या गुलाबाचा वास मी आठवायला गेलो आणि आठवायला काहीच नव्हतं. दीड वर्ष रोज मी त्याच्या शेजारून पेपर उचलून गेलो होतो. 'हो' म्हणायला काही लागलं नसतं. शेवटी आयुष्यभर सह्या तशाच केल्या होत्या. पण अकरा नंबर शेजारी उभी होती, आणि तिने खोटं सांगितलं नव्हतं.

"बाई, मला सांगता नाही येणार," मी म्हणालो. "मी वासच घेत नव्हतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. तू वाकला नाहीस त्या दिवसापुढे वहीत टिंब आहे."

"मग रोज विचारत का राहिलात?"

"मुलं भट्टीवरून परत यायची, त्यांना काय मी आधी विचारायचे का, इतके दिवस कुठे होता म्हणून? नंबर पुकारायचा. यायचं तेव्हा येतात." त्यांनी चष्मा पुसला. "आज घे. आज पहिला दिवस समज. घाई करू नकोस."

मी पुन्हा वाकलो. काटे गालाला लागले. अकरा नंबरची पोरं दारातून बघत होती, बघू देत.

"आधी थंड आहे," मी म्हणालो. "नव्या माठात पाणी भरल्यावर येतो तसा काहीतरी. मग गोड. साखरेसारखा नाही... आपल्याकडे बाजारात जामची पांढरी फळं येतात ना, ती खाताना बीजवळ येतो तसा. आणि सगळ्यात शेवटी, नाक काढून घेताना, जरा तिखट."

बाईंनी डोळे मिटले होते. "तिखट कसलं? लवंगेचं की मिरीचं?"

मी दुसरं फूल धरलं, हुंगलं. मग तिसरं. "मिरीचं. लवंग नाही."

"तुला हे कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही, बाई."

बाई डोळे उघडून म्हणाल्या, "हाच." आणि अकरा नंबरला म्हणाल्या, "शेळीने खाल्ला तरी हा मुळातून परत येतो. तुला तेव्हा शिकवायला हवं होतं, माझंच राहिलं."

पाच काड्या आणल्या. त्यातल्या दोन जगल्या. माझी बदली झाली तेव्हा फाटकापाशी कमरेइतकं झुडूप होतं. बाईंचं नाक परत आलं नाही, निदान मी होतो तोवर तरी. सातची हजेरी शेवटच्या दिवसापर्यंत चालू होती, आणि मी वाकत होतो.

पण मला जास्त आठवतो तो त्या रविवारचा सायवनचा स्टँड. एसटीला अवकाश होता. बाईंनी ओल्या फडक्यातल्या काड्या माझ्या हातात दिल्या, वही काढली आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. माठ, जाम, मिरी. त्या लिहीत होत्या तेव्हा वाऱ्याने मागची पानं उलटली. पानामागून पान तोच एक शब्द, नेहमीसारखा, नेहमीसारखा, आणि प्रत्येकापुढे लाल शाईचं नीट टिंब. त्यांनी पान परत धरलं, ओळ पुरी केली. पेनाचं टोक क्षणभर ओळीच्या शेवटी थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि वही मिटली.